शीग

तुआमासिनाच्या धक्क्यावर मी लवंगांची पोती तोलतो.
काटा विजेचा. लाल आकडे.
एका ग्रॅमलाही माफी नाही.
दलाल म्हणतात, हा डोंगरातला पोरगा
हिशेबात चुकत नाही,
जसं काही हे माझ्या हाडातच होतं.

आमच्या गावात काटा नव्हता.
आटवलेल्या दुधाचा एक रिकामा डबा होता,
काठाला चेमटलेला. कापुआका म्हणायचे त्याला.
त्यानंच मोजली जायची उसनवारी,
मयताघरची मदत, नांगराच्या बैलांचं भाडं,
आणि नुरुसुआ बाईंचा पगार.

सरकारी कागदावर
त्यांच्या नावापुढे लिहिलेलं असे : निरंक.
म्हणून घरटी दोन डबे तांदूळ, महिन्याला.
छत्तीस घरं.

पाहुणा आला की आई डबा शिगोशीग भरायची,
वर तांबूस टेकडी उभी राहायची, दाणे ओघळायचे.
बाईंचा डबा मात्र ती तळहातानं सपाट करायची.
‘सावलीत तर बसून असतात,’ म्हणायची.
आणि तिचा अंगठा डब्याच्या आत असायचा.
मापात पाप, पण एका अंगठ्याएवढंच.
छत्तीस अंगठे किती होतात
हे मी फार उशिरा मोजलं.

तांदूळ पोचवायला मी जायचो.
बांधावर बसून एक मूठ कच्चीच चावायचो.
बाई पिशवी हातात तोलत, माझ्या ओठांवरचं पीठ बघत,
आणि वहीत लिहीत : दोन डबे. पूर्ण.

फळा म्हणजे जुन्या दाराची फळी, कोळसा फासलेली.
खडू म्हणजे कसावाचं वाळलेलं कांड.
कापणीआधीच्या महिन्यांत
आम्ही खडू खाऊन टाकायचो.
बाई काही विचारत नसत.
दुसऱ्या दिवशी नवा तुकडा आणत,
कुणाच्या ताटातून, ते आम्हीही विचारलं नाही.

मग वादळाचं वर्ष. खाचरांत गुडघाभर वाळू.
चिंचेखाली सभा भरली.
ठरलं की बाईंचे पाव हिस्सा डबे कमी करायचे.
कुणी विरोध केला नाही. माझ्या वडिलांनीही नाही.
खजिनदार रावेलुसुननं मातीत काडीनं भागाकार मांडला :
बहात्तर भागिले चार.
हा भागाकार त्याला बाईंनीच शिकवलेला,
रात्री, कंदिलाशी, तो चाळिशीचा असताना.
तो म्हणाला, दहा.
दहा डबे कमी.

बाई इतिवृत्त लिहीत होत्या.
पेन थांबलं.
‘सातातून चार गेले, तीन उरले.
ते तीन कुठे गेले, दादा?
बाकी खाली उतरवायची असते.’
उठल्या, त्याच्या हातातली काडी घेतली,
दोनाच्या शेजारी तीन लिहिले,
आणि स्वतःचे अठरा डबे
स्वतःच कापले.

कुणी हसलं. एक म्हातारा खाकरला.
मग सगळ्यांनी खाली सह्या केल्या,
वळणदार, बाईंच्याच अक्षरात,
कारण दुसरं अक्षर कुणाला येत नव्हतं.

मला वाटलं होतं, त्या वेड्या आहेत.
आठ डबे! कुणाला कळलं असतं?
आता रोज दलाल माझ्या कानाशी येतो,
खिशात काहीतरी सरकवत म्हणतो, आकडा जरा इकडे.
तेव्हा मला ती काडी दिसते.
नेहमी दिसते असं नाही. खोटं कशाला सांगू.

पुढच्या महिन्यात आईनं डबा भरला. घरटी दीड.
एक पूर्ण, एक अर्धा.
मी पिशवी धरून उभा होतो.
आईचा अंगठा
डब्याच्या बाहेर होता.

शीग मात्र तिनं लावली नाही.